जुना पार्ट सोबत न्यावा

या अंकाच्या संपादकांनी फोन करून माझ्याकडे 'व्यवसायातले थरारक अनुभव' मागितले. मी म्हटलं, अहो, आमचा व्यवसाय ब्रेकचा. ब्रेकच्या कामात थरारक काही घडलं, तर त्याचा अर्थ काम बिघडलं. ते म्हणाले, मग साधे द्या. म्हणून साधे देते आहे. शेवटी थोडा थरार आहे, पण तो सायकलच्या वेगाचा आहे.

बिबवेवाडीत आमचं दुकान होतं. फक्त ब्रेकचं. 'जरा इंजिनाचा आवाज बघता का' असं कुणी म्हटलं की आम्ही शेजारच्या गॅरेजकडे बोट दाखवायचो. आमचे हे लेथवर ड्रमचं काम करायचे आणि मी लायनर बसवायची. बाईमाणूस या धंद्यात कसं, हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की उत्तर आधीच देऊन टाकते. त्या काळी लायनर शूवर रिबिटांनी ठोकून बसवायचे. त्याला दोन माणसं लागतात, एक धरायला आणि एक ठोकायला. पगारी माणूस ठेवण्यापेक्षा घरातलं माणूस बरं, असा यांनी विचार केला. काही महिने मी धरलं. मग म्हटलं, आता तुम्ही धरा. तेव्हापासून ठोकायचं काम माझ्याकडे आलं ते दुकान बंद होईपर्यंत माझ्याकडेच राहिलं.

ज्यांनी गाडीचं चाक कधी उघडलेलं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या गाड्यांच्या प्रत्येक चाकाच्या आत एक लोखंडी डबा असतो, त्याला ड्रम म्हणतात. त्याच्या पोटात दोन अर्धगोल शू, आणि शूच्या पाठीवर लायनर नावाची जाड पट्टी. तुम्ही पेडल दाबलं की शू फाकतात, लायनर ड्रमला घासतो आणि गाडी थांबते. म्हणजे ब्रेक झिजतो तेव्हाच तो काम करत असतो. न झिजणारा ब्रेक पाहिला की मला आनंद होत नाही, शंका येते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गिऱ्हाईकाचा प्रश्न कायम एकच: 'दुरुस्त होईल की बदलावं लागेल?' आमचं सगळं पोट या प्रश्नावर चाललं. लायनर रिबिटाच्या डोक्यापर्यंत झिजला असेल तर बदला, नाहीतर रिबिट ड्रमला ओरबाडतं. लायनरला तेल लागलं असेल तरीही बदला. तो पेट्रोलने धुऊन, गॅसवर भाजून पुन्हा बसवणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यांच्या गाड्यांचे पुढचे बंपरही पाहिले आहेत. ड्रमला आतून चरे पडले असतील तर लेथवर एक पातळ साल काढून गुळगुळीत करता येतं. पण साल तरी किती वेळा काढणार? ड्रमला हातोडीने हलकं ठोकून बघायचं. खणखणीत वाजला तर जीव आहे. बद्द वाजला तर कुठेतरी चीर आहे, मग त्याला लेथवर चढवायचंही नाही.

हे सगळं मी इतक्या ठामपणे लिहिते आहे, पण आमच्याच दुकानात यावर एकमत नव्हतं. हे दुरुस्तीचे भक्त. कुठलाही पार्ट हातात घेतला की यांचा निकाल ठरलेला: 'अजून चालेल.' माझा निकाल बहुतेक वेळा, 'काढा.' आमच्या संसारात भांडण एवढ्या एकाच विषयावर झालं, मात्र ते रोज झालं. निम्म्या वेळा यांचं खरं निघायचं, हे त्यांच्या हयातीत मी कबूल केलं नाही. आता छापून आलं तरी त्यांना वाचायला मिळणार नाही. लायनरची ती राखाडी धूळ आम्ही दोघंही तोंडाने फुंकून उडवायचो. तिच्यात अॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत जातं, हे पुढे पेपरात वाचलं. यांचा खोकला त्याच्या आधीपासून होता. त्या धुळीचं मला फार वाईट वाटतं, दुसऱ्या कशाचं इतकं वाटत नाही.

गिऱ्हाइकं नाना परींची. मांजरीचे एक बागायतदार जीप घेऊन आले. चारही चाकांचे लायनर संपलेले, मागे उसाची ट्रॉली. मी म्हटलं, "पाटील, ही गाडी थांबते कशी?" ते म्हणाले, "थांबवतोय कोण ताई? हॉर्न हाय की जोरात." अगदी शेवटी शेवटी खराडीच्या कंपनीतला एक मुलगा आला. "मॅम, आय थिंक डिस्क वॉर्प झालीय, मी व्हिडिओ बघितलाय," म्हणाला. आता व्हिडिओ बघून आलेल्यांबद्दल माझं एक मत आहे. मी ते त्याला ऐकवलं आणि चाक उघडलं. डिस्क, म्हणजे नव्या गाड्यांत ड्रमच्या जागी असते ती चकती, खरंच वाकडी होती. मला ते अजिबात आवडलं नाही. पण तसं सांगितलं, आणि डिस्क बदलून दिली.

पुण्याच्या गिऱ्हाईकाची एक खोड मात्र समान. पार्ट नवीन घातला यावर त्याचा विश्वास नसतो. समोर उभं राहून बघेल, मध्येच चहाला जाईल, आणि परत आल्यावर विचारेल, "मी नसताना काय केलंत?" म्हणून आम्ही नियमच केला: बदललेला पार्ट पेपरात बांधून गिऱ्हाईकाच्या हातात द्यायचा. मग दुसरीच पंचाईत झाली. संशय फिटला की लोक ते पुडकं दुकानातच ठेवून जायला लागले. भंगाराचा ढीग लेथपर्यंत आला. तेव्हा परचुरे सर म्हणाले, "पाटी लावा. मी रंगवून देतो."

परचुरे सर शाळेत चित्रकला शिकवायचे, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची पांढरी फियाट आमच्याकडे अगदी सुरुवातीपासून यायची. सरांनी काळ्या पत्र्यावर पांढऱ्या, वळणदार अक्षरांत पाटी रंगवली: 'बदललेला जुना पार्ट गिऱ्हाईकाने सोबत न्यावा. ठेवून जाऊ नये.' खाली एक बारीक रेघ ओढली. मी विचारलं, रेघ कशाला? म्हणाले, "विषय संपला हे कळायला." सर स्वतः हा नियम कसोशीने पाळायचे. त्यांच्या गच्चीत आमच्याकडच्या जुन्या ड्रममध्ये पुदिना आणि ओवा लावलेला होता. ड्रमला बोल्टची भोकं असतात, पाणी साचत नाही, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

सरांची एक वाईट सवय होती, जी त्यांच्या पिढीतल्या निम्म्या पुण्याला होती. कात्रजचा घाट उतरताना ते गाडी न्यूट्रलला टाकून इंजिन बंद करायचे. पेट्रोल वाचतं म्हणून. गाडी न्यूट्रलला टाकली की गिअर तिला अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वाचलेलं पेट्रोल लायनरच्या रूपाने माझ्याकडे जमा होतं. हे मी सरांना दर वर्षी सांगायची. सर दर वर्षी म्हणायचे, "तुमचं शास्त्र बरोबर आहे वहिनी, पण घाट माझ्या पायाखालचा आहे." आणि दर वर्षी लायनर संपवून यायचे.

एका वर्षी सर आले ते तक्रार घेऊन. "वहिनी, ब्रेक उशिरा लागतोय."

चारही चाकं उघडली. लायनर जवळजवळ जसेच्या तसे. ब्रेक ऑइलचे व्हील सिलिंडर बाहेरून कोरडे ठणठणीत, गळती नाही. ड्रम खणखणीत. यांनी गाडी चालवून बघितली, हव्या त्या जागी थांबली. मी विचारलं, "सर, यंदा घाट नाही उतरलात वाटतं?"

"हल्ली जात नाही त्या बाजूला," सर म्हणाले. "गर्दी फार."

पंधरवड्याने पुन्हा आले. तीच तक्रार. पुन्हा उघडलं, पुन्हा काही नाही. सरांच्या हातात असली की गाडी उशिरा थांबायची, यांच्या हातात आली की वेळेवर. हे म्हणाले, "अजून चालेल." मी पहिल्यांदाच 'काढा' म्हटलं नाही.

मग एक दिवस परचुरे काकू रिक्षाने एकट्याच आल्या. दुकानात बाकड्यावर बसल्या, पाणी प्यायल्या आणि सरळ म्हणाल्या, "शैला, गाडीला काही झालेलं नाही, हे तुला कळलंय ना?"

"कळलंय, काकू."

"गेल्या महिन्यात गाडी गेटला ठोकली. परवा दूधवाल्याची सायकल पाडली. माणूस वाचला, दूध गेलं. मुलाने फोनवर सांगितलं, आता गाडी चालवू नका, तर त्याला म्हणाले, तुला गाडी कोणी शिकवली? डॉक्टरांना म्हणाले, तुम्ही रक्तदाब बघा. आणि जूनपासून आमची नात इथे राहायला येतेय. रोज शाळेत मी सोडणार, म्हणून तिला कबूल करून बसलेत." काकूंनी पाण्याचा पेला बाकड्यावर ठेवला. "मी त्यांच्या शेजारी बसते, माझं काय, झालं आयुष्य. पण ती सहा वर्षांची आहे गं."

मी विचारलं, "मी काय करू?"

"तुझं ऐकतात. तू पार्ट गेला म्हणालीस की तो गेला. या वेळी सांग की ब्रेक आता दुरुस्तही होत नाहीत आणि नवेही मिळत नाहीत. गाडी बंद. त्यांचा अपमान नाही, भांडण नाही."

मी नाही म्हटलं. काकूंचं पटत होतं, तरी नाही म्हटलं. इतकी वर्षं चांगल्याला चांगलं आणि गेलेल्याला गेलेलं म्हणत आले, तेवढीच माझी मिळकत. काकूंचे डोळे भरून आले. तेवढ्यात लेथ थांबला आणि मागून यांचा आवाज आला, "मी सांगतो."

ज्या माणसाने जन्मात कुठल्याही पार्टला गेला म्हटलं नाही, तो हे म्हणत होता. मी मागे वळून बघितलं. हे म्हणाले, "तो दूधवाला आपल्याकडेही दूध घालतो."

ठरल्याप्रमाणे सर आल्यावर यांनी पुढचे दोन्ही ड्रम काढले, हातात घेऊन फिरवले आणि खाली बघत म्हणाले, "सर, संपले. साल काढून काढून पातळ झाले. आणि या गाडीचे नवे आता येत नाहीत."

सरांनी यांच्याकडे बघितलं. "जगताप, हे तुम्ही म्हणताय?"

"मीच म्हणतोय."

"वहिनी म्हणाल्या असत्या तर मी दुसऱ्या कोणाला विचारलं असतं," सर म्हणाले. मग पाटीकडे बोट केलं. "बांधून द्या."

दोन्ही ड्रम पेपरात बांधून सर रिक्षाने घरी गेले. गाडी आमच्या अंगणात विटांवर उभी राहिली. काकूंचा फोन आला, म्हणाल्या, रात्री झोप लागते. मला वाटलं, चला, देवाने यांच्या तोंडून एक खोटं बोलवलं आणि विषय संपला. सरांच्या भाषेत सांगायचं तर खाली रेघ ओढली.

इथे आमची चूक झाली. पुण्याच्या माणसाला 'मिळत नाही' असं कधीही सांगू नये. पुढचे कितीतरी रविवार सर जुन्या बाजारात हिंडत होते, बगलेत नमुन्याला आमच्याच नियमाने घरी गेलेला ड्रम. आणि एका सोमवारी सकाळी सर आणि काकू रिक्षातून उतरले. काकूंचा चेहरा पडलेला. सरांच्या हातात पोतं. पोत्यात त्याच गाडीचे दोन ड्रम, कोरे, कधी न वापरलेले, अजून ग्रीस लावलेल्या कागदात.

"नवे येत नाहीत, पण जुन्या बाजारात जुने नवे येतात," सर म्हणाले. "वाजवून बघा."

यांनी हातोडी मारली. शाळेची घंटा वाजावी तसे वाजले. यांनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे बघितलं, काकूंनी भिंतीकडे बघितलं. ड्रम बसवण्यावाचून काही इलाज नव्हता. बसवले. मी लायनर घासून जुळवले, ब्रेक ऑइलच्या नळ्यांतली हवा काढली, पेडल तपासलं. खोटं बोलून बंद पाडायला निघालेली गाडी आम्ही आमच्या हातांनी कंपनीतून निघाली तशी करून ठेवली.

ब्रेकचं काम झालं की ट्रायल घ्यायची. आमच्याकडे पद्धत अशी की गाडी मालकाने चालवायची आणि आमच्यापैकी एकाने शेजारी बसायचं, कारण ब्रेक मालकाच्या पायाला कळला पाहिजे. हे हात पुसत पुढे आले. मी म्हटलं, "मी बसते."

दुकानाच्या वरच्या अंगाला अप्पर नावाची वस्ती आहे, तिकडून खाली येणारा उतार आहे. सरांनी गाडी वर नेली, वळवली आणि उताराला लावली. इंजिन चालू ठेवलं, हे माझ्यावर उपकार. वेग काहीच नव्हता. खाली एक केळीवाली हातगाडी ढकलत रस्ता ओलांडत होती. मी म्हटलं, "सर, गाडी आहे पुढे."

"दिसतंय मला," सर म्हणाले. आणि त्यांना खरंच दिसत होतं. मी त्यांच्या पायाकडे बघत होते. पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. मग पेडल शोधायला लागला. अंधारात चप्पल शोधतो तसा. हातगाडी मोठी मोठी होत आली. मी हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला. गाडी हिसका देऊन बंद पडली. त्यानंतर सरांचा पाय ब्रेकवर आला आणि त्याने पेडल अगदी व्यवस्थित, तळापर्यंत दाबलं.

केळीवालीने बॉनेटवर हात आपटला. "ओ आजोबा, ब्रेक हाय का न्हाई?"

"आहे," सर म्हणाले. "आजच नवीन बसवलाय."

ती पुटपुटत निघून गेली. सर समोर बघत म्हणाले, "उशिरा लागला."

मत द्यायची वेळ आली होती आणि ते दुसऱ्या कुणाला देता येणार नव्हतं. मी म्हटलं, "सर, ब्रेक उशिरा लागला नाही. पाय उशिरा पोचला."

"मी तुमचं मत विचारलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"मग काही नाही. तुम्ही इकडे बसा, गाडी मी नेते."

सर काय म्हणतील याची मला धास्ती होती. ते खाली उतरले, बॉनेटला धरून वळसा घालून आले आणि मी उठलेल्या जागी बसले. मी गाडी चालू केली. बाजूला बसलेला चालवणारा माणूस कसा असतो तुम्हाला माहीत आहे, त्याचा पाय स्वस्थ बसत नाही. खड्डा आला, मी ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, खड्ड्यातून गेली, आणि मग सरांचा उजवा पाय समोरच्या रिकाम्या पत्र्यावर दाबला गेला. सिग्नलला मी थांबले. थांबल्यावर त्यांचा पाय दाबला गेला. पुढे एक कुत्रं आडवं आलं आणि निघून गेलं, तेव्हाही पाय मागाहूनच आला. मी मुद्दाम मान वळवली नाही, पत्र्याचा आवाज कानावर येत होता. सर मात्र मान खाली घालून स्वतःच्या पायाकडे बघत होते, परक्या माणसाच्या पायाकडे बघावं तसे.

दुकानाच्या वळणावर त्यांनी विचारलं, "दुरुस्ती होईल?"

"ते डॉक्टर सांगतील."

"मी तुम्हाला विचारतोय वहिनी. आता विचारतोय."

ज्या माणसाच्या पाटीखाली मी आयुष्य काढलं, त्याला हे सांगायचं होतं. मी म्हटलं, "नाही होणार सर. नातीला दुसऱ्या कुणीतरी सोडायचं. तुम्ही शेजारी बसा."

"हं," सर म्हणाले.

दुकानासमोर गाडी उभी केली. काकू बाकड्यावरून उठून उभ्या राहिल्या. मला चालकाच्या जागेवरून उतरताना बघून त्यांना सगळं कळलं. सरांनी गाडीची किल्ली रिंगमधून सोडवली, घराची किल्ली खिशात घातली आणि गाडीची यांच्यापुढे धरली. "चांगलं गिऱ्हाईक आलं तर द्या. घाटात इंजिन बंद करणारा नको."

"बरं," हे म्हणाले.

"जगताप, जुन्या ड्रमला काही झालं नव्हतं ना?"

हे कधी नव्हे ते लाजले. "नाही सर. अजून चालले असते."

सरांनी मान हलवली. मग चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी वर पाटीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पत्रा कडेने गंजला होता, पण अक्षर हललेलं नव्हतं. दोन्ही वाक्यं त्यांनी सावकाश, ओठ हलवत वाचली. खालची रेघही वाचल्यासारखी बघितली. आणि काकूंकडे वळून, वर्गात वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाले, "चला. जुना पार्ट सोबत न्यावा, ठेवून जाऊ नये, असा इथला नियम आहे."

काकूंनी त्यांचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने रिक्षा थांबवली.